केळ्याच्या सालीवर धावणारी गाडी

झाकण उघडा. केळ्याची साल टाका, डब्यात उरलेली बिअर ओता, हवं तर डबाही आत जाऊ द्या. 'बॅक टू द फ्यूचर'च्या शेवटी डॉक ब्राउन हेच करतो. गाडीच्या पाठीवरच्या त्या पांढऱ्या यंत्राचं नाव 'मिस्टर फ्यूजन'. कचरा खाऊन काळाच्या आरपार नेणारी ही घरगुती अणुभट्टी १९८५ सालच्या चित्रपटात २०१५ मधून आलेली दाखवली आहे. खरं तर तो क्रुप्स कंपनीचा कॉफी दळायचा ग्राइंडर होता. पण आज गाडी तुमच्या हाती आहे, तेव्हा ग्राइंडरवर विश्वास ठेवा आणि वेग काळप्रवासाला लागणाऱ्या ताशी १४२ किलोमीटरवर न्या.

पहिला थांबा जिनिव्हा, ऑगस्ट १९५५. त्या चित्रपटाचा नायक याच वर्षी, नोव्हेंबरात, अमेरिकेत उतरतो. तुम्ही तीन महिने आधी युरोपात पोचलात. अणुऊर्जेच्या शांततामय उपयोगासाठी संयुक्त राष्ट्रांनी भरवलेली पहिली परिषद इथे चालू आहे. अध्यक्षपदी मुंबईचे होमी भाभा आहेत, वय ४५. ते सांगताहेत की हलके अणू एकत्र आणून, म्हणजे फ्यूजनमधून, मिळणारी ऊर्जा काबूत आणण्याचा मार्ग येत्या दोन दशकांत सापडेल, आणि मग समुद्रातला जड हायड्रोजन जगाला कायमचा पुरेल. अमेरिका, ब्रिटन आणि रशिया या विषयावर गुपचूप काम करताहेत. तोच विषय भाभा भर सभेत काढतात. तुमच्या खिशात पुढची सगळी वर्षं आहेत, पण गप्प बसा. त्यांची मुदत चुकणार आहे, इंधनाचा हिशेब मात्र बरोबर आहे. पाण्यातल्या सुमारे साडेसहा हजार हायड्रोजन अणूंमागे एक अणू ड्यूटेरियमचा, म्हणजे त्या जड हायड्रोजनचा, असतो. केळ्याच्या सालीतही पाणी असतंच. म्हणजे डॉक ब्राउनचं इंधन हास्यास्पद नाही. हास्यास्पद आहे तो ग्राइंडरचा आकार.

१९६९ च्या मॉस्कोत फार वेळ काढू नका. शीतयुद्ध ऐन भरात असताना ब्रिटिश शास्त्रज्ञ आपली लेसरची उपकरणं घेऊन कुर्चातोव्ह संस्थेत आले आहेत. रशियनांनी टोकामाक नावाच्या, मेदूवड्याच्या आकाराच्या चुंबकी भांड्यात प्लाझ्मा, म्हणजे तापून विद्युतभारित झालेला वायू, कोंडला आहे. तो सांगितला तितका तापतो का, हे पाहुण्यांना तपासायचं आहे. तापतो, सुमारे एक कोटी अंश. यानंतर जगभर टोकामाक उभे राहू लागतात.

आता मार्च १९८९, सॉल्ट लेक सिटी. युटा विद्यापीठात पॉन्स आणि फ्लाइशमन पत्रकारांना सांगताहेत की जड पाण्यात पॅलेडियमची कांडी बुडवून, वीज सोडून, टेबलावरच्या काचपात्रात फ्यूजन झालं. खोलीत उत्साह मावत नाही. तुम्ही एकच प्रश्न मनात धरा: पात्राशेजारी काम करणारी माणसं जिवंत कशी? सांगितली तेवढी उष्णता नेहमीच्या ड्यूटेरियम-फ्यूजनची असती, तर निघालेल्या न्यूट्रॉनांनी प्रयोगशाळेतला एकही जण वाचला नसता. दुसऱ्या प्रयोगशाळांना तो परिणाम खात्रीने मिळाला नाही. पण सिनेमाला गोष्ट मिळाली. १९९७ च्या 'द सेंट'मध्ये अशाच 'शीत' फ्यूजनचं सूत्र चोरायला धावपळ होते, आणि २००८ च्या 'आयर्न मॅन'मध्ये नायकाच्या छातीतल्या, ऊर्जा देणाऱ्या चकचकीत चकतीत पुन्हा पॅलेडियमच असतं.

गाडी सिनेमातलीच आहे, तेव्हा सिनेमात शिरायला तिला कोण अडवणार? 'स्पायडरमॅन २', २००४. न्यूयॉर्कमधल्या एका मोठ्या खोलीत डॉक्टर ऑक्टेव्हियस ट्रिटियम (आणखी जड हायड्रोजन) पेटवतो आणि हवेत एक छोटा सूर्य तरंगू लागतो. गोळा वाढतो, लोखंड खेचू लागतो, कुणालाच आवरत नाही. तुम्ही पाहुण्यांत उभे आहात, मध्ये भिंत नाही.

नीट बघा, कारण सगळी गडबड इथेच आहे. इंधन खरं आहे: ड्यूटेरियमबरोबर ट्रिटियम हेच सर्वांत सहज पेटणारं मिश्रण. पण त्यातली सुमारे ऐंशी टक्के ऊर्जा न्यूट्रॉन घेऊन जातात. त्यांना विद्युतभार नसल्याने चुंबक त्यांना अडवू शकत नाही. उघड्या खोलीतली ही प्रेक्षक मंडळी, तुमच्यासकट, गोळा अनावर होण्याआधीच प्राणघातक मात्रा खाऊन बसली असती. आयर्न मॅनची चकतीही इथेच बाद होते. न्यूट्रॉन थोपवायला आणि त्यांच्यापासून उष्णता काढायला प्लाझ्माभोवती मीटरभर जाडीचं आवरण तरी लागतं. छातीत तेवढी जागा कुठली?

आणि अनावर होणं? कोयनेच्या धरणासारखा इथे साठा अडवलेला नसतो. टोकामाकच्या पोटात एका वेळी इंधन ग्रॅमभर किंवा त्याहूनही कमी असतं, आणि हवेपेक्षा कितीतरी विरळ. भांड्याला तडा जाऊन हवा शिरली, तर प्लाझ्मा डोळ्याची पापणी लवायच्या आत थंड होतो. त्याच्या अंगातली ऊर्जा भिंत वितळवू शकते, यंत्राचं मोठं नुकसान करू शकते, पण शहर गिळू शकत नाही. सिनेमावाल्यांना फ्यूजनची भीती वाटते ती विझणार नाही म्हणून. शास्त्रज्ञांची झोप उडते ती टिकत नाही म्हणून. माझ्या मते आपल्या पडद्यावरची ही सर्वांत मोठी चूक आहे, बाकीच्या चुका मनोरंजन म्हणून माफ.

एक गोष्ट मात्र 'स्पायडरमॅन २'ने अचूक पकडली: ऑक्टेव्हियसच्या यांत्रिक भुजा. ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या कलमला या आणि पाहा. 'जेट' टोकामाकच्या आतली कामं दुरून चालवलेले यंत्रमानवी हातच करतात, कारण न्यूट्रॉनांनी आतला धातू किरणोत्सारी झालेला असतो. तुम्ही जाड काँक्रीटपलीकडच्या नियंत्रण कक्षात आहात. आत १५ कोटी अंश, सूर्याच्या गाभ्याच्या दहापट. पाचेक सेकंदांत ०.२ मिलिग्रॅम इंधनातून ६९ मेगाज्यूल ऊर्जा निघते. हा विक्रम आहे. विजेच्या बिलाच्या भाषेत सांगायचं तर १९ युनिट, तेही उष्णतेच्या रूपात, आणि प्लाझ्मा तापवायला त्याहून जास्त खर्च झालेले.

दहा महिने मागे या, ५ डिसेंबर २०२२, मध्यरात्रीनंतर एक वाजून तीन मिनिटं, कॅलिफोर्नियातली लिव्हरमोर प्रयोगशाळा. ही वास्तू ओळखीची वाटेल. २०१३ च्या 'स्टार ट्रेक'पटात हिलाच अंतराळयानाचं इंजिन म्हणून दाखवलं होतं. १९२ लेसर किरण, मिऱ्याएवढी इंधनाची गोळी ज्यात आहे त्या लक्ष्यावर रोखलेले. लक्ष्यावर पडले २.०५ मेगाज्यूल, बाहेर आले ३.१५. प्रयोगशाळेत प्रथमच दिलं त्याहून जास्त मिळालं. पण लेसर पेटवायला विजेच्या जाळ्यातून सुमारे ३०० मेगाज्यूल ओढले गेले, आणि मिळालेली ऊर्जा एक युनिटही भरत नाही.

म्हणून पडद्यावरच्या भट्ट्यांचा निकाल असा: फ्यूजन शक्य आहे, ते घडलंही आहे. छातीत मावणारं किंवा गाडीच्या पाठीवर बसणारं फ्यूजन आज माहीत असलेल्या भौतिकीत बसत नाही. शहर गिळणारं तर मुळीच नाही. गाडी शेवटची उभी करा ती दक्षिण फ्रान्समध्ये, 'आयटर' या टोकामाकच्या बांधकामापाशी. त्याचं प्रचंड क्रायोस्टॅट, म्हणजे यंत्राला वेढणारं निर्वात भांडं, भारताने दिलं, ते गुजरातमध्ये हजिऱ्याला घडलं. ५० मेगावॅट उष्णता देऊन ५०० मेगावॅट मिळवायचं हे यंत्र. २०२४ मध्ये सुधारलेल्या वेळापत्रकानुसार ड्यूटेरियम-ट्रिटियमचे प्रयोग २०३९ मध्ये सुरू व्हायचे आहेत, आणि त्यातूनही वीज निघणार नाही, कारण आयटरला जनित्र जोडायची योजनाच नाही.