बारा सेकंदांआधीचे सहा आठवडे

१७ डिसेंबर १९०३. राइट बंधूंचं विमान १२ सेकंद उडालं, १२० फूट गेलं. हे आपण सर्वांनी शाळेत पाठ केलं आहे. आज सांगायचं आहे ते त्याआधीच्या सहा आठवड्यांविषयी. कारण पंख, सुकाणू, वाऱ्याचा अभ्यास असं सगळं जमल्यावरही ते विमान जमिनीवरच अडकून पडलं होतं, इंजिनाच्या हादऱ्यांपायी.

इंजिन घरचंच. डेटन गावातल्या त्यांच्या सायकलच्या दुकानात चार्ली टेलर नावाच्या मेकॅनिकने ते घडवलं होतं. चार सिलिंडर, ताकद सुमारे १२ हॉर्सपॉवर. तिथून मागच्या दोन लाकडी प्रोपेलरपर्यंत ताकद न्यायला सायकलसारख्याच चेन होत्या, आणि प्रोपेलरचे शाफ्ट म्हणजे पोलादी पोकळ नळ्या.

५ नोव्हेंबरला किटी हॉकच्या वाळूत हे इंजिन विमानावर पहिल्यांदा चालवलं. ते नीट पेट घेईना. एखादा स्फोट चुके, एखादा वेळेआधीच होई, आणि प्रत्येक वेळी चेनला हिसका बसे. शाफ्ट निकामी झाले. जवळपास कारखाना नाही. दुरुस्तीसाठी ते डेटनला धाडावे लागले, ते परत यायला २० नोव्हेंबर उजाडला.

आता नवीच कटकट. शाफ्टवर आट्यांनी बसवलेली चेनची दातेरी चक्रं सैल पडू लागली. उलट्या आट्यांचे नट होते, तरी सैल! दिवसभर खटपट करून दोघे भाऊ हताश होऊन झोपले. सकाळी आठवलं ते सायकलचं टायर रिमला चिकटवायचं सिमेंट. घड्याळजींनी हात टेकलेलं एक स्टॉपवॉच त्यांनी पूर्वी त्यानेच दुरुस्त केलं होतं. शाफ्ट आणि चक्रं तापवली, आट्यांत सिमेंट वितळवून ओतलं, पुन्हा पिळून बसवली. चक्रं हलली नाहीत.

पण २८ नोव्हेंबरला इंजिन चालवून पाहताना एका शाफ्टला तडा गेलेला दिसला. हिवाळा तोंडावर आलेला. तिकडे प्राध्यापक लँगली सरकारी पैशावर आपलं यंत्र उडवण्याच्या तयारीत. ऑर्व्हिल स्वतः डेटनला निघाला.

मला या कथेतली सर्वांत मोलाची वाटते ती इथली गोष्ट. मोडलेली वस्तू जाड करायची, ही आपली सर्वांचीच सवय. या भावांनी उलट केलं. नळ्या इंजिनाच्या ताकदीच्या मानाने कितीतरी पट मजबूत होत्या, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणजे दोष ताकदीत नव्हता. ताण एकसारखा असता तर त्या टिकल्याच असत्या. पण एकीकडे हिसके देणारं इंजिन, दुसरीकडे फिरत्या प्रोपेलरचा भार, आणि मधली ताठ नळी हिसका जिरवू शकत नव्हती. म्हणून ऑर्व्हिलने पोकळ नळ्या सोडल्या आणि कमी व्यासाचे, भरीव पोलादाचे शाफ्ट बनवले. असा बारीक दांडा हिसक्यासरशी थोडा पीळ खातो आणि पूर्ववत होतो. ट्रकचे पाटे लवतात म्हणून तर तो खड्ड्यांतून निभावतो.

लँगलींचं यंत्र ८ डिसेंबरला पोटोमॅक नदीत कोसळलं. ऑर्व्हिल ११ तारखेला नवे शाफ्ट घेऊन परतला. १४ तारखेला विल्बरचा पहिला प्रयत्न फसला, पण त्यात शाफ्टचा दोष नव्हता. १७ तारखेला चार उड्डाणं झाली, शेवटचं ५९ सेकंदांचं आणि ८५२ फुटांचं. चारही वेळा शाफ्टनी दगा दिला नाही. त्यानंतर जमिनीवर उभ्या विमानाला वाऱ्याने उलथून टाकलं आणि ते पुन्हा कधीच उडालं नाही.