विदर्भ-मराठवाड्यातील सोयाबीन: अन्न आणि पीक

महाराष्ट्रात सोयाबीनची पारख आधी अन्न म्हणून झाली आणि मोठ्या क्षेत्रावरील पीक म्हणून ते पुष्कळ नंतर रुजले. १९३५ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत, जेथे अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम जे. सी. कुमारप्पा पाहत होते, गांधीजींनी रोजच्या जेवणात सोयाबीनचा प्रयोग करविला आणि ‘हरिजन’मधून त्याविषयी लिहिले; गरिबाला परवडेल असे सकस अन्न शोधणे, हा त्या प्रयोगाचा हेतू होता.

या अपेक्षेला शास्त्रीय आधार होता. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने आणि २० टक्के तेल असून, शरीराला स्वतः तयार करता न येणारी सर्व आवश्यक अमिनो आम्ले त्यात असतात. त्यांपैकी ज्वारी-गव्हात उणे असलेले लायसिन त्यात विपुल, तर त्यात कमी पडणारे मेथिओनिन धान्यातून मिळते, म्हणून भाकरीसोबत ते खाल्ल्यास दोहोंची उणीव भरून निघते. मात्र कच्च्या दाण्यातील ट्रिप्सिनरोधक, म्हणजे प्रथिने पचविणाऱ्या विकराला अडविणारे घटक, निष्प्रभ करण्यासाठी दाणे भिजवून पुरते उकडावे लागतात. ऑसबर्न आणि मेंडेल या अमेरिकी संशोधकांनी शिजविलेल्या सोयाबीनचे हे श्रेष्ठत्व उंदरांवरील प्रयोगांतून १९१७ मध्येच दाखविले होते.

पुढे १९६० च्या दशकात जबलपूर व पंतनगर येथील कृषी विद्यापीठांनी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्याने पिवळ्या दाण्याच्या वाणांच्या चाचण्या घेतल्या, माळव्यातील खरिपात पडीक राहणाऱ्या काळ्या जमिनीत हे पीक पसरले आणि तेथून विदर्भ-मराठवाड्यात येऊन त्याने खरीप ज्वारीची जागा मोठ्या प्रमाणावर घेतली. परंतु या प्रसारामागची प्रेरणा तेलाची होती. तेल काढल्यावर उरणारी प्रथिनसंपन्न पेंड मुख्यतः कोंबडीखाद्याकडे आणि निर्यातीकडे वळली, आणि माणसाच्या वाट्याला त्यातील थोडा भाग सोयावडीच्या रूपाने आला.

दरम्यान, दिवसाला २५ ग्रॅम सोया प्रथिनाने हृदयविकाराचा धोका घटू शकतो, हा दावा खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर छापण्यास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ मध्ये दिलेली संमती, नंतरचे पुरावे एकमुखी नसल्याने, मागे घेण्याचा प्रस्ताव त्याच संस्थेने २०१७ मध्ये मांडला. सोयाबीनचे खरे मोल त्यामुळे औषधी गुणांपेक्षा स्वस्त व पूर्ण प्रथिनात आहे, आणि ते पिकविणाऱ्या कुटुंबांच्या जेवणात नित्य आले, तरच या पिकाचा आहारदृष्ट्या लाभ झाला असे म्हणता येईल.