स्टीफन्सच्या पुराणात राहून गेलेलं लग्न



रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात कानाच्या लग्नाचा धडा (योहान २:१-११) आला की गेली कित्येक वर्षं मी एक वाक्य ठरवून सांगत आले: "तो द्राक्षारस होता, दारू नव्हे. द्राक्षांचं सरबत समजा." गेल्या पावसाळ्यात सहावीतल्या एका मुलीनं हात वर केला. "टीचर, मग लोक भरपूर प्यायले की हलका माल काढतात असं तो भोजनकारभारी का म्हणतो? सरबत पिऊन कुणाला चव कळेनाशी होते का?"

तिच्या घरी काय चालतं ते मला ठाऊक होतं. गुजरात १९६० साली वेगळं राज्य झालं तेव्हापासून इथे दारूबंदी आहे; मिस्सेचा द्राक्षारस हा त्यातला अपवाद. पण साखर कारखाना आणि कापडाच्या गिरण्या धरून चलथाण-कडोदऱ्याला स्थायिक झालेल्या आपल्या खानदेशी घरांत, पिशवी कुठे मिळते हे पोरांनाही माहीत असतं. "पुढच्या रविवारी सांगते," असं म्हणून मी वेळ मारून नेली आणि घरी येऊन पुस्तकं काढली.

शोधता शोधता पोचले फादर थॉमस स्टीफन्स यांच्यापाशी. हे इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यात उतरले आणि पुढची जवळजवळ चाळीस वर्षं त्यांनी तिथेच, मुख्यतः साष्टीत, काढली. त्यांचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूरला छापलं गेलं. लिपी रोमन, भाषा मराठी, आणि ओव्या अकरा हजारांच्या आसपास. त्या काळच्या छापील प्रतींपैकी एकही आज हाती नाही. हस्तलिखितांवरून सालदान्यांनी ते १९०७ साली मंगळुरात पुन्हा छापलं, आणि शांताराम बंडेलूंनी १९५६ साली देवनागरीत आणलं, म्हणून तुमच्या-माझ्यासारख्यांना ते वाचता येतं.

या पुराणाची सुरुवात मला फार जवळची वाटते, कारण तीही एका वर्गातच होते. देवळात धर्मशिक्षण चाललेलं असताना एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीगुरूंना विचारतो, की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी वाचायला दुसरं काही का देत नाही? वरवर साधा प्रश्न आहे, पण त्यात गाऱ्हाणं आहे. साष्टीतली देवळं पाडली गेली होती, पोथ्या हिरावल्या गेल्या होत्या. १५८३ साली कुंकळ्ळीला लोकांच्या संतापात पाच येशूसंघीय मारले गेले होते. आपण त्यांना हुतात्मे म्हणतो ते योग्यच, पण तो संताप कुठून आला हेही आपल्या मुलांना सांगायला हवं. स्टीफन्सनी त्या प्रश्नाला उत्तर दिलं ते प्रवचनातून नव्हे. विचारणाऱ्याच्याच भाषेत, त्याच्याच ओवीत, त्यांनी एक अख्खं पुराण लिहिलं.

दुसऱ्या पुराणात येशूचं सगळं चरित्र येतं. पण कानाचं लग्न स्टीफन्सनी लिहिलेलंच नाही! आज त्या प्रसंगाच्या ज्या ओव्या मिळतात त्या गोव्याच्याच एका धर्मगुरूंच्या, पास्कोआल गोमिश द फारिया यांच्या. त्या पुढच्या आवृत्तीत जोडल्या गेल्या.

आता वगळण्यावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये. मत्तय, मार्क आणि लूक यांनीही हा प्रसंग दिलेला नाही, तो एकट्या योहानाकडेच आहे. तरी माझा अंदाज असा की समोर बसलेल्या श्रोत्यांना ओळखून स्टीफन्स थांबले असावेत. ज्या घरांत दारूचा स्पर्शही विटाळ मानला जाई, तिथे येशूचा पहिला चमत्कार म्हणून मद्य कसं वाढायचं? त्यांनी प्रसंग गाळला. मी सरबत केलं. त्यांचं गाळणं मला माझ्या सरबतापेक्षा प्रामाणिक वाटतं.

कारण सरबत टिकत नाही, कुठल्याच अर्थानं. द्राक्षं तिकडे उन्हाळ्याच्या अखेरीस उतरतात. योहान मात्र लग्नानंतर थोड्याच दिवसांत वल्हांडण जवळ आल्याचं सांगतो, म्हणजे वसंत ऋतू. सहा-सात महिने ताजा रस ठेवणार कशात? न आंबलेला रस बाटलीत टिकवण्याची युक्ती अमेरिकेत डॉ. वेल्च नावाच्या मेथडिस्ट दंतवैद्यानं १८६९ साली, तीही प्रभुभोजनासाठीच, काढली. आणि आपल्या मराठी बायबलात इफिसकरांस पत्रात (५:१८) पौल ज्यानं झिंगू नका म्हणतो, तिथेही शब्द द्राक्षारस हाच आहे.

पण खरी गोष्ट रांजणांत आहे. मी इतकी वर्षं रांजणांवरून घाईघाईनं पुढे जात होते. ते दगडी होते आणि यहुद्यांच्या शुद्धीकरणासाठी ठेवलेले होते, असं योहान मुद्दाम सांगतो. लेवीय ११:३३ प्रमाणे मातीचं भांडं अशुद्ध झालं की फोडावं लागे. दगडाला मात्र विटाळ लागत नाही, असं त्या काळचे यहुदी मानत. गालीलात आणि यहुदियात अशी चुनखडीची भांडी उत्खननात पुष्कळ सापडली आहेत. सुतक फिटल्यावर घरातली मडकी बाहेर टाकणारी आजी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे समजावून सांगायला नको. मराठी बायबलात एकेका रांजणाचं माप दोन-तीन मण दिलं आहे. मूळ ग्रीक मापानं सहा रांजणांचे मिळून पाचशे ते सातशे लिटर होतात. म्हणजे आपल्या वाड्यात पाण्यासाठी ठेवतो तसली दोनशे लिटरची निळी पिंपं, जवळजवळ तीन. कोण शुद्ध, कोण अशुद्ध हे ठरवणारं पाणी येशू लग्नघरच्या आनंदात बदलून टाकतो, आणि ते पंगतीतल्या सगळ्यांना वाढलं जातं. आमोस (९:१३) आणि यशया (२५:६) यांनी देवाच्या मेजवानीचं वर्णन याच द्राक्षारसानं केलं होतं. ऐकणाऱ्यांच्या कानांत ते होतं. योहान या घटनेला चिन्ह म्हणतो ते त्यासाठी.

आणि दारूचं काय? येशूनं एका घराची लाज राखली. त्या मुलीच्या घरी पगाराच्या दिवशी जी पिशवी येते, ती घराची लाज घालवते. दोन्हींना एकच शब्द लावता येतो म्हणून गोष्ट एक होत नाही. हे मी तिच्या बापालाही सांगेन, त्यानं कानाचा दाखला दिला तर. आणि पिणारे तो देतातच!

पुढच्या रविवारी मी वर्गात आधी चूक कबूल केली: टीचरनं तुम्हाला इतके दिवस खोटं सांगितलं, तो खरा द्राक्षारसच होता. मग रांजणांची गोष्ट सांगितली. मुलगी बराच वेळ वहीत सहा गोल काढत बसली होती. तास संपता संपता म्हणाली, "टीचर, सगळे रांजण द्राक्षारसानं भरले, तर मग नंतर आलेल्या लोकांनी हात कशानं धुतले?"

ते योहानानं लिहिलेलं नाही, असं मी सांगितलं.

"मग तसेच जेवले असतील," ती म्हणाली, आणि वही मिटून पळाली.