पोवळ्याचे माहेर

मंगळाच्या अंगठीतले पोवळे आपल्याच समुद्रातले असावे, असे पुष्कळांना वाटते. पण पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात भडोच बंदरी उतरणाऱ्या परदेशी मालात पोवळे आहे. ते भूमध्य समुद्रातले. रोमन स्त्रियांना भारतीय मोत्यांचे जेवढे मोल, तेवढेच भारतीय पुरुषांना पोवळ्याचे, असे प्लिनीने त्याच शतकात लिहून ठेवले.

१८६८ नंतर जपानी पोवळेही बाजारात आले आणि पारख करणे भाग पडले. भूमध्य समुद्रातली फांदी आतबाहेर सारखीच लाल. जपानी फांदी गडद लाल, पण तिच्या गाभ्यात पांढरी रेघ. १८७५ ते १८८० या काळात सिसिलीतल्या शाक्काजवळ समुद्रतळाशी मेलेल्या पोवळ्यांचे साठे सापडले. त्यांचा रंग नारिंगी.

फांदी अशी आपले गाव सांगते. मणी मात्र मुका होतो, कारण कारागीर पांढरा गाभा कापून टाकतो. मग नुसत्या रंगावर विसंबून गाव सांगू नये.

अरबीत त्याला ‘मर्जान’ म्हणतात, संस्कृतात ‘प्रवाळ’. आपण त्याला ‘पोवळे’ म्हटले आणि दूरदेशीची ही वस्तू घरचीच मानली. पारख करताना तिचे माहेर विसरू नये, एवढेच.