कोशिंबिरीतले सफरचंद
कोबी, सफरचंद, कोथिंबीर यांची कोशिंबीर करताना सफरचंद काळवंडते. कोबी फारसा नाही. असे का? आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी या हंगेरियन शास्त्रज्ञांना १९२० च्या दशकात हाच प्रश्न पडला. रंग देणाऱ्या एका रासायनिक क्रियेत त्यांनी न काळवंडणाऱ्या वनस्पतींचा रस घातला, तर रंग उमटायला जेमतेम सेकंदभर उशीर झाला. एवढ्याशा धाग्यावरून १९२८ मध्ये केंब्रिजला त्यांनी संत्री, कोबी आणि गुरांच्या अधिवृक्क ग्रंथींतून एक पदार्थ वेगळा केला. तेच ‘क’ जीवनसत्त्व, हे १९३२ मध्ये कळले. पुढे पदार्थ पुरेना; तेव्हा सेगेडच्या तांबड्या गोड मिरच्या कामी आल्या. (जेवताना नकोशी झालेली मिरची आपण प्रयोगशाळेत नेली, असे ते सांगत!)

लिंबू पिळल्यावर हे जीवनसत्त्व स्वतः खर्ची पडून सफरचंदाचा रंग थोपवते. आम्लताही मदत करते. वर्गात दोन फोडी घ्याव्यात, एकीवरच लिंबू पिळावे आणि घड्याळ लावावे.