बालगंधर्वांची उत्तरकारकीर्द आणि खानदेशाचा नाट्यमार्ग

मराठी संगीत रंगभूमीचा इतिहास बहुधा पुणे, मुंबई, सांगली आणि कोल्हापूर या शहरांच्या आधारे लिहिला गेला असला, तरी त्या रंगभूमीचा संसार ज्या मुलुखांतील तिकीटविक्रीवर चाले त्यांत वऱ्हाडाबरोबर खानदेशाचाही समावेश होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भुसावळमार्गे गेलेला लोहमार्ग, अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाला आलेला भाव, जळगावातील कापूसबाजार व गिरणी आणि 1900 मध्ये चाळीसगावाहून धुळ्यापर्यंत पोहोचलेला रेल्वेचा फाटा यांमुळे या मुलुखात रोख पैसा खेळू लागला आणि पडदे, कपडे व माणसे घेऊन फिरणाऱ्या नाटक मंडळ्यांना तेथे मुक्काम करणे परवडू लागले. 1906 मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे विभाजन होऊन जळगाव व धुळे ही दोन स्वतंत्र मुख्यालये झाली, त्याच सुमारास संगीत नाटकाचा बहराचा काळ सुरू झाला. या काळातील सर्वांत लोकप्रिय आणि उतारवयात सर्वांत वादग्रस्त ठरलेले गायकनट नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, यांच्या कारकिर्दीचा उत्तरार्ध समजून घेताना या फिरत्या अर्थव्यवस्थेचा विचार टाळता येत नाही.

26 जून 1888 रोजी जन्मलेल्या बालगंधर्वांचा जळगावशी संबंध रंगभूमीवर येण्यापूर्वीचा आहे. शालेय वयात ते काही काळ जळगावात राहिले आणि तेथेच मेहबूब खाँ यांच्याकडून त्यांना गायनाचे प्रारंभिक शिक्षण मिळाले. कापसाच्या पेठेत एका ब्राह्मण मुलाला मुसलमान उस्तादाकडे बसून गाणे शिकता येत होते, ही गोष्ट त्या काळातील संगीतशिक्षणाच्या रीतीशी सुसंगत होती, कारण घराण्यांची विद्या बहुतांशी उस्तादांच्या हाती होती आणि ती दरबारांतून बाहेर पडून व्यापारी गावांत आश्रय शोधत होती. पुढे भास्करबुवा बखले यांच्या तालमीत या गळ्याला ख्यालगायकीची शिस्त मिळाली. भास्करबुवा स्वतः ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर या तिन्ही घराण्यांची विद्या घेतलेले असल्याने शिष्याच्या नाट्यपदांत, म्हणजे नाटकातील गेय रचनांत, रागविस्ताराची जागा मोठी राहिली.

कारकिर्दीचा पूर्वार्ध सर्वपरिचित आहे. 1905 मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीतून शकुंतलेच्या भूमिकेने झालेला आरंभ, 1911 मधील ‘मानापमान’, 1913 मध्ये गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह स्थापन झालेली गंधर्व नाटक मंडळी, 1916 मधील ‘स्वयंवर’ आणि 1919 मधील ‘एकच प्याला’ या टप्प्यांनी त्यांना असे स्थान मिळवून दिले, की स्त्रियांच्या पेहरावाचे आणि केशरचनेचे नमुने एका पुरुष नटाकडून घेतले जाऊ लागले. याच यशात पुढील अडचणींचे बीज होते. अस्सल शालू, सुगंधी द्रव्ये, उत्तम साथीदार आणि ‘द्रौपदी’सारख्या नाटकांचे भव्य नेपथ्य यांवर होणारा खर्च उत्पन्नाच्या पुढे गेला, भागीदार एकेक करून दूर झाले आणि 1921 मध्ये मंडळीची एकट्याची मालकी हाती आली ती कर्जासह आली. प्रेक्षकांच्या ‘वन्समोअर’ला, म्हणजे पद पुन्हा गाण्याच्या आग्रहाला, मान देण्याच्या वृत्तीने नाटके उत्तररात्रीपर्यंत लांबू लागली आणि नाटकाचे कथानक गाण्याखाली दबते, अशी टीकाही तेव्हापासूनच होऊ लागली.

1930 नंतर हा प्रश्न केवळ एका नटाचा राहिला नाही. 1932 मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा प्रभात फिल्म कंपनीचा मराठी बोलपट आला, त्यानंतर बोलपटांनी तालुक्याच्या गावांपर्यंत मजल मारली आणि शंभर माणसांचे बिऱ्हाड घेऊन आलेल्या मंडळीच्या तिकिटाशी अल्प दरातील बोलपटाच्या तिकिटाची स्पर्धा सुरू झाली. जळगाव, अमळनेर किंवा धुळे येथील गिरणीकामगार, अडते आणि कारकून यांना एका नाटकाच्या खर्चात अनेक चित्रपट पाहता येऊ लागले, तर ज्या थिएटरांत मंडळ्या उतरत तेथेच पडदा लावून चित्रपट दाखवणे मालकांना सोयीचे झाले. ज्या भागांत शेतमालाच्या भावावर करमणुकीचा खर्च अवलंबून होता तेथे जागतिक मंदीने कापसाचा भाव कोसळताच दौऱ्यांचा आधार डळमळला. त्यातच 1933 मध्ये नाट्यमन्वंतर या संस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात स्त्रियांनीच स्त्रीभूमिका केल्या आणि पुरुषाने स्त्री होणे ही कला असली तरी ती अनिवार्य नाही, हे प्रेक्षकांना प्रत्यक्ष दिसले.

1934 मध्ये गंधर्व नाटक मंडळी बंद पडली आणि सत्तेचाळिशीकडे झुकलेल्या बालगंधर्वांनी प्रभातशी सहकार्य केले. व्ही. शांताराम यांच्या ‘धर्मात्मा’ (1935) या चित्रपटात त्यांनी संत एकनाथांची भूमिका केली; चित्रपटाचे मूळ नाव ‘महात्मा’ होते आणि ते सेन्सॉरच्या आक्षेपामुळे बदलावे लागले. रंगभूमीवर अर्धे आयुष्य स्त्रीरूपात वावरलेल्या नटाला पुरुष म्हणून उभे करणारा हा चित्रपट, अस्पृश्यतेविषयीच्या आपल्या भूमिकेमुळे महत्त्वाचा असूनही, त्यांच्या व्यवसायाची दिशा बदलू शकला नाही. प्रेक्षकांचा प्रतिसाद पाहून आलापीची लांबी ठरवणाऱ्या गायकाला कॅमेऱ्यासमोर तुकड्यातुकड्यांत गावे लागे, आणि ही अडचण स्वभावाची जेवढी होती तेवढीच माध्यमाची होती. 1937 मध्ये बाबूराव पेंटर यांच्या दिग्दर्शनाखाली आलेल्या ‘साध्वी मीराबाई’ मध्ये त्यांनी पुन्हा स्त्रीवेष घेतला, परंतु ‘अमृतसिद्धी’ या नाटकाच्या आधारावर उभा असलेला हा प्रयत्नही टिकला नाही.

याच टप्प्याची तुलना खानदेशाचे जावई मास्टर दीनानाथ मंगेशकर यांच्या वाटचालीशी करणे उपयुक्त ठरते. तापीकाठच्या थाळनेर येथील हरिदास लाड या गुजराती व्यापाऱ्याच्या घराण्यातील दोन बहिणींशी त्यांचे एकापाठोपाठ एक विवाह झाले होते. 1918 मध्ये चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह बळवंत संगीत मंडळी स्थापन करणारे दीनानाथ हे बालगंधर्वांच्या मंद व गोड गायकीच्या उलट, चपळ व आक्रमक तानांसाठी ओळखले जात. त्यांनीही याच काळात बळवंत पिक्चर्सच्या रूपाने चित्रपटनिर्मितीत उडी घेतली, ‘कृष्णार्जुन युद्ध’ काढला आणि आर्थिक घाव सोसला. 24 एप्रिल 1942 रोजी वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. दोन भिन्न प्रकृतीचे, जवळजवळ परस्परविरोधी गायकीचे कलावंत एकाच काळात एकाच खिंडीत सापडले, यावरून अपयशाचे कारण केवळ खर्चिक स्वभावात शोधणे पुरेसे नाही हे स्पष्ट होते.

बालगंधर्वांविषयीचा सर्वांत तीव्र वाद मात्र 1938 नंतरचा आहे. मंडळी पुन्हा उभी करण्याच्या प्रयत्नात गोहरबाई कर्नाटकी या गायिका त्यांच्याकडे आल्या. त्या बालगंधर्वांच्याच गायकीवर पोसलेल्या होत्या आणि त्यांच्या ध्वनिमुद्रिका आधीच प्रसिद्ध झालेल्या होत्या. नायिकेच्या भूमिका गोहरबाईंनी कराव्यात आणि पन्नाशीतल्या बालगंधर्वांनी पुरुषपात्र रंगवावे ही योजना वयाचा व काळाचा विचार करता तर्काला धरून होती. तरीही जुना प्रेक्षक बालगंधर्वांना स्त्रीरूपातच पाहू इच्छीत होता आणि त्यामुळे ते पुन्हा त्या भूमिकांकडे वळले. पत्नी लक्ष्मीबाईंच्या हयातीत सुरू झालेल्या या सहवासावर कुटुंब, सहकारी आणि वृत्तपत्रे यांच्याकडून कठोर टीका झाली. लक्ष्मीबाई 1940 मध्ये निवर्तल्या आणि 1951 च्या सुमारास बालगंधर्व व गोहरबाई यांचा विवाह झाला.

या वादाचे स्वरूप नीट समजण्यासाठी नाटक मंडळीची रचना लक्षात घ्यावी लागते. नाटक मंडळी ही एकाच वेळी धंद्याची पेढी, एकत्र स्वयंपाक असलेले घर आणि कलेची पाठशाळा असे, आणि तिच्या मालकनटाच्या खासगी निर्णयावर साथीदार, नट, दर्जी, आचारी व सावकार या सर्वांचे जीवन अवलंबून राही. त्यामुळे मालकाच्या शेजारी कोण बसणार, हा प्रश्न नीतीचा म्हणून मांडला गेला तरी मंडळीच्या कारभाराची सूत्रे कोणाकडे जाणार, हाही त्यातील तितकाच खरा भाग होता. गोहरबाई मुसलमान गायिका आणि कलावंत घराण्यातील असल्याने जातीय व सामाजिक पूर्वग्रहही त्यात मिसळले. तेव्हाच्या टीकाकारांनी व्यवसायाच्या पडझडीचे खापर एका स्त्रीवर फोडले, परंतु 1934 मध्येच मंडळी बंद झाली होती, म्हणजे मुख्य पडझड गोहरबाई येण्यापूर्वी झालेली होती, हा कालक्रम त्या आरोपाला पुरेसे उत्तर देतो.

पुढील वर्षांत बालगंधर्वांच्या पायांतील शक्ती गेली, आर्थिक चणचण वाढली आणि भूमिका थांबल्या; भजने व जुनी पदे गाण्याचे कार्यक्रम तेवढे काही काळ चालू राहिले. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार 1955 मध्ये आणि पद्मभूषण 1964 मध्ये त्यांना मिळाला. ज्या वर्षी पद्मभूषण मिळाले त्याच वर्षी गोहरबाईंचे निधन झाले. 15 जुलै 1967 रोजी पुण्यात बालगंधर्वांचे निधन झाले. त्यांच्याच हस्ते 1962 मध्ये कोनशिला बसलेले पुण्यातील बालगंधर्व रंगमंदिर 26 जून 1968 रोजी, म्हणजे त्यांच्या जन्मदिनी खुले झाले, तर जळगावात त्यांच्या नावाचे खुले नाट्यगृह उभे राहिले आणि वसंतराव चांदोरकर स्मृती प्रतिष्ठानने तेथील रसिकांसाठी बालगंधर्व संगीत महोत्सवाची परंपरा निर्माण केली. मंडळ्यांना तिकिटाच्या पैशावर पोसणाऱ्या गावाने स्मारकाचे आणि उत्सवाचे रूप घेतले, हा बदल रंगभूमीच्या आश्रयाचा इतिहासच सांगतो: व्यक्तिगत प्रेक्षकाची जागा नगरपालिका, प्रतिष्ठाने आणि शासन यांनी घेतली.

या सर्व घटनाक्रमातून ज्येष्ठ गायकाच्या भवितव्याविषयी एक निष्कर्ष काढता येतो. बालगंधर्वांच्या गायकीचे भवितव्य आणि खुद्द बालगंधर्वांचे भवितव्य या दोन गोष्टी 1934 नंतर एकमेकींपासून वेगळ्या झाल्या. गायकी ध्वनिमुद्रिकांतून, छोटा गंधर्वांसारख्या गायकांतून आणि गंधर्व मंडळीत उमेदवारी केलेल्या जयराम व जयमाला शिलेदार या दांपत्याच्या संस्थेतून वाढत राहिली. व्यक्तीला मात्र उत्पन्नाचे नवे साधन सापडले नाही, कारण पदांचे, भूमिकांचे आणि गळ्याच्या लौकिकाचे उत्पन्न हे दररोजच्या प्रयोगाला बांधलेले होते आणि प्रयोग थांबल्यावर हाती येणारे निवृत्तिवेतन किंवा हक्काचे मानधन त्या व्यवसायाने कधी निर्माणच केले नव्हते. वैयक्तिक वाद काळाबरोबर मागे पडले, कारण त्यांचे कारण असलेली मंडळी ही संस्थाच उरली नाही. परंतु कलावंताच्या उतारवयाची जबाबदारी कोणाची, हा त्या मंडळीने अनुत्तरित ठेवलेला प्रश्न सरकारी मानधन योजनांच्या रूपाने आजही खानदेशातील वृद्ध गायक, वादक आणि तमाशा कलावंतांच्या जीवनात कायम आहे.