चेंडूला हात कधी लावावा : गोल्फच्या एका नियमाची वाटचाल

गोल्फमध्ये पहिला फटका बसून चेंडू एकदा खेळात आला, की तो होलमध्ये पडेपर्यंत खेळाडूने त्याला काठीखेरीज अन्य कशाचाही स्पर्श होऊ देऊ नये आणि तो जिथे जाऊन थांबेल तिथूनच पुढचा फटका मारावा, ही या खेळाची मूळ शिस्त होय. नियमांची पुस्तके मात्र या शिस्तीपेक्षा तिच्या अपवादांनीच अधिक भरलेली आहेत : चेंडू केव्हा उचलता येतो, उचलल्यावर कुठे आणि कसा ठेवायचा, आणि तो आपसूक जागचा हलला तर त्याची भरपाई कोणी करायची. गेल्या पावणेतीनशे वर्षांत सर्वाधिक पालट झाला तो या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरात. आरंभीच्या नियमांनी दैव आणि दोष यांत फारसा भेद केला नव्हता. आजचे नियम दंड लावण्यापूर्वी कर्ता कोण, हे विचारतात.

उपलब्ध नियमावल्यांपैकी सर्वांत जुनी १७४४ सालची आहे. एडिनबरा नगरपालिकेने दिलेल्या चांदीच्या काठीसाठी लीथ येथील लिंक्सवर, म्हणजे समुद्राकाठच्या वालुकामय गवताळ जमिनीवर, स्पर्धा भरवायची असल्याने तिथल्या गोल्फ खेळणाऱ्या सद्गृहस्थांच्या मंडळाने तेरा कलमे लिहून काढली. ती स्पर्धा जॉन रॅट्रे या शल्यचिकित्सकाने जिंकली. तेरांपैकी बरीच कलमे चेंडू उचलण्याशी किंवा बदलण्याशी निगडित आहेत. चेंडू पाण्यात किंवा चिखलात गेला तर तो बाहेर काढून अडथळ्यामागे ठेवावा, पण त्याबद्दल प्रतिपक्षाला एक फटका द्यावा. दोन चेंडू एकमेकांना चिकटून थांबले तर पुढचा उचलून मागचा आधी खेळावा. माणूस, घोडा, कुत्रा किंवा आणखी कशामुळे चेंडू अडला तर तो अडला तिथूनच खेळावा. सर्वांत लक्षणीय आहे ते चेंडू हरवण्याविषयीचे कलम. चेंडू कोणी उचलून नेला असला, म्हणजे खेळाडूचा त्यात काडीचाही दोष नसला, तरी त्याने मागच्या फटक्याच्या जागी परत जाऊन दुसरा चेंडू टाकावा आणि ओढवलेल्या दुर्दैवापोटी एक फटका सोसावा, असे तिथे स्पष्ट सांगितले आहे. ज्या मैदानावर गावची जनावरे चरत आणि माणसे ये-जा करीत, तिथे प्रत्येक अपघाताचा कर्ता शोधत बसणे शक्य नव्हते; नशिबाचा भार ज्याचा चेंडू त्याने उचलावा, हाच व्यवहार्य न्याय होता. दहा वर्षांनी, १७५४ मध्ये, सेंट अँड्र्यूजच्या मंडळाने जवळजवळ हीच कलमे स्वीकारली आणि तिथून ती इतरत्र पसरली.

दैवाचा हा स्वीकार ‘स्टायमी’ या प्रकारात अगदी टोकाला गेलेला दिसतो. दोन खेळाडूंच्या थेट लढतीत ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हरळीवर, एकाचा चेंडू दुसऱ्याच्या वाटेत आडवा आला, तरी दोन चेंडूंमध्ये सहा इंचांपेक्षा जास्त अंतर असेल तर तो उचलता येत नसे. मागच्या खेळाडूने चेंडू वळवून न्यावा, नाहीतर समोरच्यावरून उडवावा. हे अंतर जागेवरच मोजता यावे म्हणून गुण लिहिण्याचे पुठ्ठे बरोबर सहा इंच लांबीचे छापले जात, आणि दोघे खेळाडू हरळीवर वाकून तो पुठ्ठा दोन चेंडूंच्या मध्ये धरून पाहत. १९३० साली सेंट अँड्र्यूजला झालेल्या ब्रिटिश अॅमॅच्युअर स्पर्धेत बॉबी जोन्सने सिरिल टोलीला एकोणिसाव्या होलवर अशाच स्टायमीत अडकवून लढत जिंकली. प्रतिस्पर्ध्याच्या कौशल्याशी संबंध नसलेला हा अडथळा न्याय्य की अन्याय्य, यावर अटलांटिकच्या दोन्ही काठांवर दीर्घकाळ वाद चालला. अखेर सेंट अँड्र्यूजचा रॉयल अँड एन्शंट क्लब आणि अमेरिकेची गोल्फ संघटना यांनी १९५२ पासून एकत्र नियमावली अंमलात आणली, तेव्हा स्टायमी हद्दपार झाली आणि आडवा येणारा चेंडू खूण ठेवून उचलणे सर्रास झाले.

कर्ता शोधण्याची वृत्ती कशी वाढली, याचे एक नमुनेदार उदाहरण दुसऱ्या महायुद्धात सापडते. १९४० मध्ये इंग्लंडवर बाँब पडत असताना सरे परगण्यातील रिचमंड गोल्फ क्लबने तात्पुरते नियम जाहीर केले. शत्रूच्या कारवाईने हललेला चेंडू दंडाशिवाय मूळ जागी ठेवता येईल, मात्र ऐन फटक्याच्या वेळी बाँब फुटून फटका बिघडला तर तो पुन्हा मारण्यासाठी एक फटका भरावा लागेल, असे त्यांत म्हटले होते. चेंडू हलवला तो परक्याने, फटका मारला तो खेळाडूने, हा भेद बाँबहल्ल्यातही सांभाळला गेला.

खरी अडचण होती ती चेंडू कोणी हलवला हे कोणालाच सांगता येत नाही अशा प्रसंगांची. जुन्या नियमानुसार खेळाडूने काठी चेंडूमागे टेकवून पवित्रा घेतला, की त्यानंतर चेंडू हलल्यास तो त्यानेच हलवला असे गृहीत धरले जाई. १९२५ च्या अमेरिकी ओपन स्पर्धेत वॉर्सेस्टरच्या उंच गवतात जोन्सचा चेंडू किंचित हलला. अधिकाऱ्यांपैकी कोणी ते पाहिले नव्हते, तरी त्याने आग्रहाने स्वतःवर एक फटका लावून घेतला आणि पुढे विली मॅकफार्लेनकडून बरोबरी-निर्णायक फेरीत एका फटक्याने हरला. जोन्सचा हा प्रामाणिकपणा गाजला तो योग्यच. पण त्या गृहीतकातली उणीव उघड होण्यासाठी ग्रीनची हरळी बदलावी लागली. तोवर जाडसर असलेली हरळी पुढे अधिकाधिक बारीक कापली जाऊ लागली. ग्रीन किती वेगवान आहे हे मोजण्याचे उपकरण, ज्याच्या उतरत्या पट्टीवरून सोडलेला चेंडू किती फूट घरंगळतो ते पाहतात, एडवर्ड स्टिम्पसनने १९३५ मध्ये ओकमाँट येथील ओपन पाहून तयार केले. अशा गुळगुळीत पृष्ठभागावर वाऱ्याची झुळूकही चेंडू हलवू शकते. २०११ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या स्पर्धेत आघाडीवर असलेल्या वेब सिम्पसनचा चेंडू पंधराव्या ग्रीनवर असाच हलला, दंड बसला आणि तो बरोबरी-निर्णायक होलवर बबा वॉटसनकडून हरला. त्यानंतर २०१२ च्या नियमावलीत, चेंडू खेळाडूने हलवला नाही याची जवळजवळ खात्री असेल तर दंड नाही, अशी तरतूद आली.

तीही अपुरी ठरली, आणि नेमकी ओकमाँटलाच. २०१६ च्या ओपनच्या शेवटच्या फेरीत पाचव्या ग्रीनवर डस्टिन जॉन्सनचा चेंडू जरासा सरकला. पंचाने खेळ पुढे चालू ठेवण्यास सांगितले, पण बाराव्या होलच्या आरंभी अधिकाऱ्यांनी त्याला दंड बसण्याची शक्यता कळवली. उरलेले होल जॉन्सन आणि त्याचे प्रतिस्पर्धी नक्की गुणसंख्या न कळता खेळले. शेवटी एका फटक्याचा दंड होऊनही तो तीन फटक्यांनी जिंकला, पण खेळाडूंवर असा अधांतरी दबाव टाकणे समर्थनीय नव्हते. १ जानेवारी २०१७ पासून ग्रीनवर अजाणता हललेल्या चेंडूचा दंड स्थानिक नियमाद्वारे रद्द करता येऊ लागला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील एका प्रमुख स्पर्धेत लेक्सी थॉम्पसनने खूण करून उचललेला चेंडू सुमारे इंचभर चुकीच्या जागी ठेवल्याचे एका दूरचित्रवाणी-प्रेक्षकाने कळवले, आणि दुसऱ्या दिवशी, ती आघाडीवर असताना, चुकीच्या जागेबद्दल दोन व चुकीच्या गुणपत्रकाबद्दल दोन असे चार फटके तिच्यावर लादले गेले. ती बरोबरी-निर्णायक लढतीत रियू सो-यॉनकडून हरली. २०१८ पासून प्रेक्षकांच्या तक्रारी स्वीकारणे बंद झाले.

चेंडू टाकण्याची, म्हणजे ‘ड्रॉप’ करण्याची रीतही याच काळात बदलत गेली. एकेकाळी खेळाडू होलकडे तोंड करून उभा राही आणि चेंडू खांद्यावरून मागे सोडी, जेणेकरून तो कुठे पडतो यावर त्याची इच्छा चालू नये. १९८४ पासून खांद्याच्या उंचीवरून हात लांब करून, आणि २०१९ पासून गुडघ्याच्या उंचीवरून तो सोडला जातो. २०१९ च्या नियमावलीत ३४ नियमांचे २४ झाले, ग्रीनवरील सवलत पक्की झाली आणि चेंडू शोधताना तो चुकून हलला तर दंड नाही असे ठरले. २०२३ मध्ये आणखी एक भर पडली : ड्रॉप केलेला किंवा पुन्हा ठेवलेला चेंडू स्थिर झाल्यावर वाऱ्याने वा उताराने मैदानाच्या दुसऱ्या भागात, उदाहरणार्थ पाण्यात, गेला तर तो पहिल्या जागी परत ठेवावा. ग्रीनच्या कडेबाहेर मात्र, आखूड गवत असो वा उंच, शोध वगळता खेळाडूच्या हातून, पायाने किंवा काठीने चेंडू अनवधानाने हलला, तर आजही एक फटका दंड पडतो आणि चेंडू मूळ जागी ठेवावा लागतो.